बत्तीस सेकंदांचा फोन

नगरच्या सावेडीतल्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं फोनवर बसते. संस्थेची शहरात एक शाळा आहे आणि पाथर्डीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, मुलींचं एक वसतिगृह. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुली तिथं राहून शिकतात. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यांच्या भागात निघून जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परत येतात. तेवढे पाच-सहा महिने त्या मुलींचं घर म्हणजे ते वसतिगृह, आणि घराशी बोलायचं म्हणजे आमच्या ऑफिसचा नंबर.

असं का, तर वसतिगृहात मोबाईलला रेंज नाही. मागच्या टेकडीवर चढलं तर एखादी काडी दिसते, तीही वारा असेल तशी. तिथला जुना लँडलाईन फोन वर्षातून दहा महिने मुकाच. शिवाय मुलींशी बाहेरच्या कुणालाही थेट बोलता येऊ नये, आधी ऑफिसात कोण बोलतंय ते विचारून घ्यावं, असा संस्थेचा नियम. तो मला पटतो. त्यामुळे कित्येक वर्षं आईबापांचे फोन मला यायचे आणि मी त्यांचे निरोप वहीत लिहून घ्यायची. ‘आजीचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं.’ ‘स्वेटर घालत जा.’ ‘शेळीला दोन पिल्लं झाली, एक काळं आहे.’ गुरुवारी किराणा घेऊन जाणाऱ्या टेम्पोबरोबर ती पानं वसतिगृहात जायची आणि पुढच्या गुरुवारी मुलींच्या अक्षरातली उत्तरं यायची. ती मी आईबापांना फोनवर वाचून दाखवायची. एकदा एका वडिलांनी मला म्हटलं होतं, “ताई, जरा हळू वाचा, ती हळू बोलती.”

मग तीनेक वर्षांपूर्वी गावात इंटरनेटची केबल आली आणि एका देणगीदाराने वसतिगृहाला इंटरनेटवर चालणारे फोन बसवून दिले. पाठोपाठ आमच्याही ऑफिसातला फोन जोडायचा जुना बोर्ड गेला आणि तसलेच, पण दुसऱ्या कंपनीचे फोन आले. दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना जोडली. आता बाहेरून आलेला फोन मी घ्यायचा, कोण आहे ते विचारायचं, एक बटण दाबून वसतिगृहाला लावायचा, तिकडे कळवायचं आणि दुसरं बटण दाबून सोपवून द्यायचा. सोपवला की मी त्यातून बाहेर. आई तिकडे, लेक तिकडे, मध्ये कुणी नाही.

पहिला फोन मी सोपवला तेव्हा रिसीव्हर ठेवल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मनात आलं, आता ती वही लागायची नाही. आनंदच झाला. थोडं रिकामंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवडाभरातच वसतिगृहाच्या रेक्टर बाईंचा मला फोन आला. या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज मात्र दहा वर्षं ओळखीचा; लँडलाईन चालू असेल तेव्हा, नाहीतर त्या टेकडीवर चढल्या की फोन व्हायचा. जाडा, खणखणीत आवाज. ऐकताना मला नेहमी वाटायचं, ही बाई दारात उभी राहिली तर दार भरून जात असेल.

“ताई, एक इचारू का?” त्या म्हणाल्या. “तुमी मधीच फोन कापता का हो?”

“मी कशाला कापू?”

“पोरी बोलाय लागल्या न लागल्या की लाईन जाती. रोजचंच झालंय.”

मला राग आला. मी म्हटलं, “बाई, माझ्याकडून फोन गेला की माझा त्याच्याशी संबंध संपतो. तुमच्याकडे एका फोनवर पन्नास मुली. कुणाचा तरी हात लागत असेल.”

“म्हंजी आमच्या पोरींनाच फोन धरता येत न्हाई व्हय?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तसंच म्हटलं तुमी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच फोन ठेवला.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं म्हणावं, तर तसं नाही. रोज चार-पाच फोन सोपवायचे म्हणजे बोलावं लागायचंच. पण ते असं: “पाचवीच्या मुलीसाठी आहे.” “द्या.” पूर्वी आम्ही दोन मिनिटं तरी इकडचं तिकडचं बोलायचो. त्यांच्या विहिरीचं पाणी, माझ्या सुनेचं बाळंतपण. ते सगळं थांबलं. त्यांनी सचिवांकडे माझी तक्रार केली, मीही त्यांची केली. सचिव भले माणूस आहेत. त्यांनी दोन्ही तक्रारी ऐकल्या आणि दोन्ही कंपन्यांना फोन लावले. आमच्या कंपनीच्या माणसाने येऊन तपासलं आणि सांगितलं, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. त्यांच्या कंपनीने पुण्यात बसूनच तपासलं आणि तेच सांगितलं. खरं तर मी आणि रेक्टर बाईसुद्धा एकमेकींना तेच सांगत होतो.

या सगळ्यात एका आईचा फोन यायचा. दर तीन-चार दिवसांनी, दुपारी चारच्या पुढे, फडातून कोपीवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, परतल्यावर. फोन तिचा नव्हता, ऊसतोडीच्या टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी होता. तिची मुलगी पाचवीत, त्या वर्षी पहिल्यांदाच वसतिगृहात राहिलेली. धाकटी अजून अंगावर पीत होती म्हणून तिला आई बरोबर घेऊन गेली होती आणि थोरलीला इथं ठेवलं होतं.

एका दुपारी मी तिचा फोन सोपवला आणि मिनिटभरात तोच नंबर पुन्हा वाजला.

“लाईन गेली का?” मी विचारलं.

“लाईन न्हाई गेली बाई,” ती म्हणाली. “पोरगी ठेवून देती. दर टायमाला असंच करती. दोन शब्द बोलती आन् ठेवती.”

“तसं नसेल हो.”

“तसंच हाय. तिला सोडून आले, बारकीला घिऊन आले. लई राग धरलाय तिनं.” मागे बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. “तुमीच सांगा तिला काय तरी. तुमी पयलं निरोप लिहून घ्यायच्या ना? आमच्या जावंच्या पोरीला घ्यायच्या. तसाच लिहून घ्या. म्हनावं, आई बोलावती, राग सोड.”

मी वही काढली आणि लिहून घेतलं. पण गुरुवारला चार दिवस होते. तेवढं थांबवेना. मी वसतिगृहाला फोन लावला. रेक्टर बाईंनी उचलला.

मी म्हटलं, “बाई, भांडण बाजूला ठेवा. त्या पाचवीतल्या मुलीच्या आईचा निरोप आहे. तिला वाटतंय, मुलगी रागाने फोन ठेवते.”

रेक्टर बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता हीही लाईन गेली. मग त्यांचा आवाज आला, पण नेहमीचा नाही, एकदम खाली आलेला.

“ताई, ती पोरगी आत्ता हितं माझ्या खोलीत बसून रडती हाय. म्हनती, आईला माझ्याशी बोलायचंच न्हाई. बारकीपाशी जायचं असतंय म्हनून फोन ठेवती.”

मग त्याच म्हणाल्या, “तुमी कापत न्हाई ना?”

“नाही हो.”

“आन् आमी बी ठेवत न्हाई.”

“मग?”

“मग मधी काय तरी हाय.”

मला आजही वाटतं, त्या प्रकरणात सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. आम्ही दोघी सरळ बोलत होतो, पाच मिनिटं झाली होती आणि लाईन गेली नव्हती. म्हणजे ऑफिस ते वसतिगृह असा थेट फोन नीट चालत होता. तुटायचा तो बाहेरून आलेला आणि मी सोपवलेला फोनच.

केडगावला एक गृहस्थ आहेत. टेलिफोन खात्यात आयुष्यभर खांबावर चढले, निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून इंटरनेटचे फोन शिकले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. सचिवांना सांगून मी त्यांना बोलावलं. ते दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आले. चहा घेतला, यंत्राला हातही लावला नाही आणि मला म्हणाले, “ताई, फोन किती वेळाने तुटतो?”

“लगेच तुटतो.”

“लगेच म्हणजे?”

इतके दिवस भांडत होतो, पण मोजलं कुणीच नव्हतं.

भाऊंनी मला माझा मोबाईल घेऊन बाहेर पायऱ्यांवर उभं केलं. मी बाहेरून फोन करणारी आई झाले. ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. भाऊंनी माझ्या खुर्चीवर बसून तो उचलला आणि वसतिगृहाला सोपवला. तिकडे रेक्टर बाई होत्या. भाऊंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, “बोलत राहा! थांबू नका!”

“आता काय बोलायचं?” मी बाईंना विचारलं. महिनाभर न बोललेल्या दोन बायका. एकदम बोल म्हटलं तर काय बोलणार?

“थांबा,” त्या म्हणाल्या, “पाढे म्हनते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...”

शाळेत म्हणतात तशा एका ठेक्यात त्या म्हणू लागल्या. सतराचा पाढा पार पडला. अठराचा सुरू झाला. “अठरा नव्वे” एवढं ऐकलं आणि फोन गेला.

मी पुन्हा लावला. “तुम्ही ठेवला?”

“न्हाई वं! मला वाटलं तुमी ठेवला.”

दुसऱ्यांदाही अठरा नव्वेलाच गेला. तिसऱ्यांदा बाईंनी जरा घाई केली तर अठरा दाहेपर्यंत पोचल्या आणि गेला. चौथ्या वेळी त्यांच्याभोवती मुली जमल्या होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. सगळ्यांनी मिळून पाढा धरला आणि अठरा नव्वेला माझ्या कानात पुन्हा शांतता. पायऱ्यांवर उभी राहून मी एकटीच हसत होते. येणारे-जाणारे बघत होते.

आत गेले तर भाऊ हातातलं घड्याळ टेबलावर ठेवून बसलेले. “चारही वेळा बत्तीस सेकंद,” ते म्हणाले. “माणसाने फोन ठेवला तर कधी दहाव्या सेकंदाला ठेवेल, कधी चाळिसाव्या. दर वेळी बत्तीस म्हणजे हे यंत्राचं काम.”

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मुलीने फोन उचलला की वसतिगृहाचं यंत्र आपल्या यंत्राला कळवतं, ‘उचलला बरं का.’ त्यावर आपल्या यंत्राने ‘समजलं’ असं उत्तर द्यायचं असतं. हे दोन शब्द यंत्रायंत्रांत होतात, माणसाला ऐकू येत नाहीत. बोलणं तोवर सुरू झालेलं असतं. आपलं यंत्र ‘समजलं’ म्हणतही होतं. पण वसतिगृहाच्या यंत्राने स्वतःचा पत्ता चुकीचा दिला होता. चुकीचा म्हणजे खोटा नव्हे, घरातल्या घरात चालतो तसला. पत्रावर गाव, तालुका काही न लिहिता नुसतं ‘स्वयंपाकघराशेजारची खोली’ लिहावं तसा. त्यामुळे आपलं ‘समजलं’ तिकडे पोचतच नव्हतं. ते बिचारं यंत्र पुन्हा पुन्हा ‘उचलला, उचलला’ सांगत राहायचं आणि बत्तीस सेकंदांनी, पलीकडे कुणी नाही असं समजून, लाईन सोडून द्यायचं.

“आणि मी थेट लावते तेव्हा?”

“त्याची वाट आधीच बसवून दिलेली आहे. बाहेरचा फोन सोपवला की दोन्ही यंत्रं नव्याने एकमेकांना पत्ते देतात. तिथं घोटाळा होतो.”

“मग चूक कुणाची?”

भाऊ हसले. “त्याने पत्ता नीट द्यायला हवा होता आणि आपल्याने, हा पत्ता घरातला दिसतोय, एवढं ओळखायला हवं होतं. दोघांना वाटतंय, आपण आपलं काम केलं.”

मला माझं आणि रेक्टर बाईंचं भांडण आठवत होतं.

गुरुवारी भाऊ किराण्याच्या टेम्पोत पुढे बसून वसतिगृहाला गेले. सकाळभर तिकडे काहीतरी करत होते. दुपारी एकच्या सुमाराला त्यांनी कळवलं, बघा आता. या वेळी माझ्या खुर्चीवर सचिव स्वतः बसले. मी मोबाईल घेऊन पायऱ्यांवर. तिकडे मुली तयारच होत्या. सतराचा झाला. अठरा नव्वे आलं, मी श्वास धरला. अठरा नव्वे गेलं. अठरा दाहे झालं. एकोणीस एके एकोणीस सुरू झालं तेव्हा तिकडे जो ओरडा झाला, तो मला मोबाईल कानापासून लांब धरून ऐकावा लागला. मुली थांबेचनात. विसाचा झाला, एकविसाचा झाला. पाठीमागून रेक्टर बाई म्हणत होत्या, “हां, म्हना म्हना, आज न्हाई तुटत!” एकोणतिसाच्या पाढ्यावर सगळ्या अडखळल्या, तेव्हा कुठे मी फोन ठेवला. मीच ठेवला. त्यांना अडलेली उत्तरं मलाही सांगता येईनात, मला तरी कुठे आता एकोणतिसाचा येतो!

त्याच दिवशी चारनंतर मी त्या आईच्या टोळीतल्या नंबरावर स्वतःहून फोन केला. फोन ज्याचा होता तो गडी म्हणाला, ती बाई मोळ्या बांधतीय, थांबा. बराच वेळ गेला. ती धावत आली असणार, दम लागलेला.

“पोरीला काय झालं?” हा तिचा पहिला शब्द.

“काही नाही झालं. फोनच बिघडलेला होता. आता दुरुस्त झाला. तुमची मुलगी फोन ठेवत नव्हती, यंत्र तोडत होतं. आणि तिला वाटत होतं, तुम्ही ठेवताय.”

“मी?” ती म्हणाली. “मी कशाला ठिवीन?”

“तिलाच सांगा,” म्हटलं आणि सोपवला.

आमच्या नव्या फोनवर चालू असलेल्या लाईनीचा एक हिरवा दिवा असतो. एरवी सोपवल्यावर मी त्याच्याकडे बघत नाही. त्या दिवशी दुसरे दोन फोन वाजले तरी माझी नजर तिथंच होती. अर्धं मिनिट झालं, दिवा तसाच. तीन मिनिटं झाली. मी एक पत्र टाईप करायला घेतलं, दोन ओळी चुकवल्या, पुन्हा बघितलं. दिवा चालूच. तो विझला तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. त्या एकोणीस मिनिटांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि ते तसंच बरं आहे. रेक्टर बाईंनी नंतर एवढंच सांगितलं की, आधी दोघी, तूच ठेवत होतीस, तूच ठेवत होतीस, म्हणून भांडल्या आणि मग मुलीने बारकीला फोनवर घ्यायला लावलं. ती अजून बोलत नव्हती, नुसती हुंकार द्यायची. तर थोरलीने तिला एक अख्खी कविता म्हणून दाखवली.

रेक्टर बाईंची आणि माझी गाडीही त्यानंतर पुन्हा रुळावर आली. माफी बिफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी फोन सोपवताना त्यांनी विचारलं, “नात रांगती का आता?” मी म्हटलं, “रांगते, आणि आमच्या घरी नाताळसाठी सजवलेला बाळ येशूचा गोठा काल तिने खाली ओढला.” त्या इतक्या हसल्या की पलीकडची आई ताटकळत राहिली.

हंगाम संपल्यावर वसतिगृहात पालकांचा मेळावा होता. सचिवांनी मला मुद्दाम बरोबर नेलं. गाडीतून उतरले तर फाटकाशी एक किडकिडीत, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई उभी. मी विचारलं, “रेक्टर बाई कुठे आहेत?” आणि त्या खणखणीत आवाजात हसल्या, तेव्हा मला कळलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं हुतं तुमी गोऱ्या असाल.” मी काही गोरी नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून बराच वेळ हसत होतो, आणि मग त्यांनी माझा हात धरून मला सगळं दाखवलं: मुलींच्या पेट्या, कडूनिंबाखालची भांडी घासायची जागा आणि भिंतीवरचा फोन, ज्याच्याखाली बुटक्या मुलींसाठी एक स्टूल ठेवलेलं होतं.

ती आईही आली होती. उन्हाने रापलेली, कडेवर बारकी, आणि थोरली तिच्या पदराला चिकटलेली. रेक्टर बाईंनी ओळख करून दिली तरी ती माझ्याकडे परक्यासारखीच बघत होती. मी “कशा आहात?” म्हटलं, तेव्हा तिचा चेहरा बदलला.

“अगं बया, ह्याच व्हय!” ती म्हणाली. मला वाटलं, आता आभार वगैरे मानेल. तर ती लगेच म्हणाली, “बाई, एक काम करा. तुमी फोन जोडस्तवर मधी एक बाई इंग्रजीत कायबाय बोलती. मला वाटतंय ती मलाच रागावती हाय. तिला बंद करा की.”

ते थांबायला सांगणारं कंपनीचं रेकॉर्डिंग होतं. एवढ्या महिन्यांत ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं; पायऱ्यांवर उभी होते तेव्हा कानावर पडलं असेल, पण माझं सगळं लक्ष पाढ्यांकडे होतं. एरवी ते फक्त वाट बघणाऱ्याला ऐकू येतं.

नगरला आल्यावर मी भाऊंना बोलावलं. त्यांनी सांगितलं, तुमच्याच आवाजात करू. माझा घसा एरवी दिवसभर चालतो, पण त्या दिवशी चार शब्द म्हणायला मला आठ वेळा प्रयत्न करावे लागले. एकदा खोकला आला, एकदा बाहेर भाजीवाला ओरडला, एकदा मीच हसले. शेवटी एक बरं जमलं: “जरा थांबा हं, तुमच्या मुलीला बोलावतेय.”

आता फोन करणारा प्रत्येक जण ते ऐकतो. स्टेशनरीवाला, शिक्षण खात्यातले साहेब, सगळे. साहेबांना मुलगी नाही, त्यांनी एकदा हसत तसं सांगितलंही. सचिव म्हणाले, बदलायचं का? मी म्हटलं, राहू द्या.